वाटीचा काठ

नोव्हाय, मिशिगन
७ नोव्हेंबर २००४

इशिता,

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. ई-मेल मुद्दामच केली नाही. मागच्या मेल्स तू न वाचताच उडवल्या असणार. कागद फाडायला निदान दोन्ही हात लागतात.

आधी कामाचं. तुझे स्नोबूट कपाटात राहिलेत. कढीपत्त्याची कुंडी मी खिडकीतून आत घेतली आहे. तुझ्या खोलीत कोणी येणार का, असं मॅनेजर विचारत होता. मी अजून काही सांगितलेलं नाही.

काल मॅरियनकडे गेले होते. तुझी गाडी गेली, त्यामुळे आता मीनाक्षीकाकूंबरोबर जाते. त्या शनिवारी मुलाला मराठी शाळेत सोडायला फार्मिंग्टनला जातातच. वाटेत म्हणाल्या, "तू नक्की शिकतेस तरी काय गं?" मी सांगितलं, सिरॅमिक्स. चिनीमाती, तिच्यावरची झिलई. "म्हणजे कपबश्याच ना? अगं, त्यासाठी अमेरिका कशाला? माझ्या रुखवतात डझनभर मांडल्या होत्या. एक धड राहिली नाही." आणि मग, "आणि ती तुझी चुणचुणीत मैत्रीण कुठे गेली?"

मॅरियननी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तू गाडी लावून येत असशील, असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, इशिता सनीव्हेलला गेली, नवीन जॉब लागला. "हो, हो, माहितीये मला," त्या म्हणाल्या, "तिने फोन केला होता."

तू त्यांना फोन केलास. मला नाही.

त्या दिवशी तू माझं ऐकूनच घेतलं नाहीस, म्हणून माझी बाजू एकदा नीट लिहिते. मॅरियनकडे आधी मी गेले. डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये त्यांची 'लेकशोर' ताटली काचेमागे बघितली आणि त्यांना पत्र लिहिलं, तेव्हा तू या घरात राहायलाही आली नव्हतीस. त्रेपन्न साली केलेला सेट. नक्षी नाही, सोनेरी काठ नाही, धुक्यासारखा करडा रंग. आणि तो कारखान्यात काम करणाऱ्या, नुकतं लग्न झालेल्या माणसांनी रोज जेवावं म्हणून केलेला. मी कराडच्या घरात चांगली वस्तू पाहिली ती कपाटाच्या वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेली. कुणीतरी एवढी सुंदर वस्तू रोजच्या उष्ट्याखरकट्यासाठी केली, हे वाचून मला काचेसमोर उभं राहून रडू आलं होतं. तू तेव्हा हसली असतीस.

ओहायोतल्या कंपनीने लेकशोर पुन्हा काढायचं ठरवलं. जुन्या झिलईत शिसं होतं, ते आता चालत नाही. तीच छटा बिनशिशाची करणं हे माझं काम, माझा थिसिसही तोच. तू नुसती मला सोडायला यायचीस आणि गाडीत मासिक चाळत बसायचीस. थंडी वाढली म्हणून त्यांनी तुला आत बोलावलं, आणि तू आत पाऊल टाकता टाकता "हाय, मॅरियन!" म्हणालीस. मी तोवर वर्षभर मिसेस हॉलक्विस्ट म्हणत होते.

त्यांचे हात थरथरतात. मी ते न पाहिल्यासारखं करायचे. मला वाटायचं, यालाच आदर म्हणतात. तू सरळ त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतलीस आणि म्हणालीस, "तुम्ही सांगा, मी काढते." त्यांचा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं. मला ते सुचलं नव्हतं. वर्षभर नाही.

मग तो शनिवार. मी डब्यातली आमटी माझ्या स्टीलच्या वाटीत ओतून घेतली होती. मॅरियननी ती रिकामी वाटी नंतर हातात घेतली, तिच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हिला कान नाही, बशी नाही, आणि तरी सगळं सांभाळते. आमच्या सेटमध्ये हेच राहिलं होतं." तू तिथल्या तिथे ती काढलीस. कंपनीला पसंत पडली. लेकशोरमधला एकुलता एक नवा नग, आणि तळाला छाप: हॉलक्विस्ट, त्याखाली तुझं नाव.

मी एवढंच विचारलं होतं, की वाटी माझी होती हे तू कुणाला सांगितलंस का. त्यावर तू म्हणालीस, "यार नीला, वाटी काय तुझ्या बापाची आहे का?"

वाटी कुणाच्याच बापाची नसते, एवढं मलाही कळतं. पण माझा बाप भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्याच वाट्यांवर दुसऱ्यांची नावं घालतो. आणि हे या देशात मी फक्त तुला सांगितलं होतं.

बूट पाठवू का ते कळव.

नीला


नोव्हाय
२१ नोव्हेंबर २००४

इशिता,

"बूट गुडविलला दान करून टाक." एवढ्या पत्राला एवढीच मेल. ठीक आहे.

दिले नाहीत. दोन-दोन मोजे चढवून मीच घालते. कालच पहिला बर्फ पडला.

मंडळाच्या दिवाळीला गेले होते. फराळाच्या टेबलाशी ज्याने त्याने विचारलं, "अरे, इशिता नाही आली?" एका काकांनी तर माझं नाव विचारलं. दोन दिवाळ्या मी त्यांच्या पानात पुऱ्या वाढल्या आहेत. मी म्हटलं, "इशिताची रूममेट." त्यावर ते म्हणाले, "हां हां, म्हणजे तूच ती!" म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

तुला आठवतं, सेमिनारमध्ये मी निबंध वाचला होता? वस्तू चांगली असली की करणाऱ्याचं नाव गौण. तू मागच्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवल्या होत्यास. मी ते मनापासून लिहिलं होतं. अजूनही मला ते खरं वाटतं. फक्त ते माझ्या बाबतीत खरं असावं असं आता वाटत नाही, आणि याची मला इतकी लाज वाटते की कुणाला सांगताही येत नाही. तुलाच सांगते आहे. दुसरं आहे कोण.

काल मॅरियन खुलल्या होत्या. जुन्या कारखान्याच्या गोष्टी सांगत होत्या. प्लास्टरची मॉडेलं करणारा वॉल्ट, त्याचं गाणं, साच्यांच्या खोलीत त्याच्या पायाशी झोपणारा कुत्रा. कुत्र्याचं नाव बिस्किट. मी विचारलं, "आणि हा धुक्याचा रंग? ही झिलई कोणी बसवली?"

"लॅबमध्ये एक मुलगी होती. फार गुणी. सारखी तुकडे भाजून भाजून बघायची. अगदी तुझ्यासारखी."

"तिचं नाव काय होतं?"

"नाही गं आठवत, डिअर."

कुत्र्याचं आठवतं.

तुझी चौकशी केली. दर वेळी करतात. "इश काय म्हणते?" मी म्हटलं, मजेत आहे. तुला त्या इश म्हणतात. मला डिअर म्हणतात. डिअर त्या पोस्टमनलाही म्हणतात.

नीला


नोव्हाय
१६ जानेवारी २००५

इशिता,

नवीन वर्षाचं तुझं कार्ड मॅरियनच्या फ्रिजवर पाहिलं. मला आलं नाही. पोस्टात हरवलं असेल असं मी धरून चालते. (मी असं काही धरून चालत नाही.)

महत्त्वाचं असं, की झिलई जमली. ताटल्या, कप, मोठा बाऊल, साखरेचं भांडं, सगळं भट्टीतून बाहेर आलं आणि मी जुनी ताटली त्यांच्या शेजारी ठेवली तर वेगळी ओळखू येईना. मी लॅबमध्ये एकटीच नाचले. रेडिओवर हवामान चालू होतं, त्यावर.

एकच नग फसला. तुझी वाटी.

झिलई काठावर थांबतच नाही. खाली ओघळते, तळाशी तळं साचतं आणि वरचा काठ उघडा पडतो, हिरडी दिसावी तसा. झिलई घट्ट करून पाहिली. मग वाटी बरी होते, पण धुकं जातं, सगळा सेट सिमेंटच्या रंगाचा दिसतो. तेव्हा दोष झिलईचा नाही. दोष आकाराचा आहे. तू काठ अंड्याच्या टरफलासारखा पातळ काढलास. फार देखणा दिसतो. पण वाटी अशी नसतेच. स्टीलच्या वाटीचा काठ बाहेर दुमडलेला असतो. तू ती वाटी डोळ्यांनी पाहिलीस, ओठाला लावून आमटी कधी प्यायली नाहीस. तुमच्याकडे चमचे होते.

काठाला बाहेरून बारीकशी गोलाई दिली की झिलई तिथे अडकून राहील. एवढंच. तुला एका दुपारचं काम.

हे अजून कुणाला माहीत नाही. मॅरियनना नाही, कंपनीच्या टॉमलाही नाही. शुक्रवारी टॉमचा फोन येणार आहे. साचे टाकायची वेळ आली, तो आता कुठल्याही नगासाठी थांबणार नाही. जे जमलं ते सेटमध्ये, जे नाही ते बाद. मॅरियनचा जीव सगळ्यात जास्त त्या वाटीत अडकलाय. नाताळनंतर त्यांची तब्येत उतरली आहे. बाकी सगळं त्यांनी तरुणपणी केलेलं, ही एकच गोष्ट आताची. "मी अजून संपले नाही, याची ती खूण," असं त्या म्हणाल्या.

मला एवढंच म्हणायचं आहे, की वाटी झिलई धरत नाही. ते खोटं नाही. अक्षरशः खरं आहे.

मग तळाला फक्त हॉलक्विस्ट राहील.

हे मी सल्ला विचारायला लिहीत नाही. का लिहिते ते मलाही कळत नाही. बहुतेक हे पत्र टाकणारही नाही.

नीला


नोव्हाय
२२ जानेवारी २००५

इशिता,

मागचं पत्र टाकलं नव्हतं. या पाकिटात दोन्ही घालते आहे. आधी ते वाच.

टॉमचा फोन मॅरियनकडेच आला, स्पीकरवर. त्या शेजारी शाल पांघरून बसल्या होत्या. टॉमने एकेक नग विचारला. वाटीपाशी आला तेव्हा मी म्हटलं, "ती झिलई धरत नाही."

टॉम म्हणाला, "काही करता येईल?"

मी म्हटलं, "झिलईत काही करता येणार नाही." बघ, इथेही मी खोटं बोलले नाही. शब्द किती निवडून वापरले!

टॉमने मॅरियनना विचारलं, "तुमचं काय म्हणणं? आणखी कुणाला दाखवू या का?" मला वाटलं, आता त्या म्हणतील, इशला विचारा. मी त्याचीच वाट पाहत होते. म्हणाल्या असत्या तर मला राग तरी आला असता, आणि रागात माणसाला निभावून नेता येतं.

त्या म्हणाल्या, "काही गरज नाही. नीला नाही म्हणते ना? मग नाही."

नीला. स्वच्छ, नीट, दीर्घ ई लावून. त्यांना माझं नाव येत होतं.

नंतर त्यांनी चहा मागितला. मी केला. त्यांनी शाल वर ओढून घेतली आणि डोळे मिटून पडून राहिल्या. पुढच्या खोलीतल्या टेबलावर त्यांनी वाटीच्या प्लास्टरच्या मॉडेलसाठी जागा ठेवली होती, ती तिथे बसल्या बसल्या दिसत होती. मला जे हवं होतं ते सगळं एका वाक्यात मिळालं होतं, नाव आणि विश्वास दोन्ही. चहाचा कप तसाच ठेवून मी उठले.

मी स्वयंपाकघरातून टॉमला फोन केला. सांगितलं, चूक झाली, आकार बदलून होईल, थोडी मुदत द्या. तो वैतागला. "एकदा नाही म्हणता, एकदा हो म्हणता, मी काय समजू?" मी म्हटलं, "आधी मी पूर्ण सांगितलं नव्हतं." नव्या ड्रॉइंगला फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत मिळाली आहे. मॅरियननाही जाऊन सांगितलं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "का?" असंही विचारलं नाही. त्यांच्या कारखान्यात पन्नास माणसं होती, मत्सर त्यांनी काही पहिल्यांदा पाहिला नसेल.

काठ मीच काढून बघितला. रात्र घालवली नाही, पण दुपार सगळी गेली. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "तुझा हात जड आहे, डिअर." पुन्हा डिअर.

तेव्हा मागणं असं: काठाचं नवीन ड्रॉइंग पाठव. गोलाई किती हवी ते मागच्या बाजूला लिहिलं आहे. बाकी पोट, तळ, उंची तीच ठेव, ती चांगली आहे. फार चांगली आहे. मी वर्गातल्या दहा जणींच्या वाट्या पाहिल्या, कुणी अशी काढली नसती.

माझ्यासाठी करू नकोस. मी तुझ्यासाठी करत नाही.

नीला


नोव्हाय
६ मार्च २००५

इशिता,

ड्रॉइंग वेळेत पोचलं. पाकीट मॅरियनच्या नावावर होतं. त्यांचं टपाल मीच उघडते, वाचून दाखवते, म्हणून तेही मीच उघडलं. आत घडी घातलेला एक कागद. उलटून पाहिला, पाकीट झटकलंही. माझ्यासाठी काही नव्हतं. माझी दोन्ही पत्रं तू वाचलीस हे मात्र कळलं, कारण गोलाई मी लिहिली होती तेवढीच होती, आणि मी न लिहिलेली एक गोष्ट तू जास्त केली होतीस. काठाखाली बोट टेकेल इतका किंचित खोलगटपणा. मी बघत राहिले. मला वाटलं होतं, निदान काठ तरी माझा असेल. तोही तू तुझा करून टाकलास, आणि चांगला केलास.

वाटी भट्टीतून काल आली. झिलई काठावर अशी थांबली आहे जशी दूध उतू जाता जाता थांबावं. मी मॅरियनच्या दोन्ही हातांमध्ये ती ठेवली आणि त्यांच्या हातांखाली माझे धरले. त्यांनी ओठाला लावून पाहिली, रिकामीच. मग म्हणाल्या, "आता हिच्यातून पिता येईल."

टॉमने विचारलं, काठाची कल्पना कुणाची? मी साच्यांची तारीख विचारली. उदारपणा वगैरे समजू नकोस, धीरच झाला नाही. छाप ठरला तोच राहिला. त्या लॅबमधल्या मुलीचं नाव मी ओहायोच्या कंपनीला शोधायला सांगितलं आहे. सापडलं तर थिसिसच्या पहिल्या पानावर घालणार आहे. माझे सर म्हणतात, याची काही गरज नाही. मी म्हटलं, आहे.

अजून तुझा हेवा वाटतो. तो गेला असं लिहायचं होतं, पण गेलेला नाही. मी तुला खिडकीत बसून काढताना बघायचे ना, तेव्हा वाटायचं, हिला कुणीतरी लहानपणीच सांगून ठेवलंय की तुझं असणं हेच पुरे आहे. मला अजून रोज काहीतरी करून दाखवावं लागतं. यात तुझा काय दोष, हे मी विचारून पाहिलं. काही नाही. तरी पण.

कालच्या फोनबद्दल लिहायचं आहे, म्हणून तर हे पत्र. वाटी पाहून झाल्यावर मॅरियन म्हणाल्या, "इशला लाव." मी नंबर फिरवला. तुझा आवाज ऐकून त्या जशा हसल्या तशा माझ्यासमोर कधी हसल्या नाहीत. तू त्यांना तुझ्या ऑफिसची गोष्ट सांगितलीस, शैलेंद्र नावाच्या कुणा मुलाची नक्कल केलीस. त्या म्हणाल्या, काठ अप्रतिम. तू म्हणालीस, "थँक यू, मॅरियन," आणि मग विचारलंस, "नीला आहे तिथे?" त्या म्हणाल्या, "आहे ना, इथेच आहे, कामात आहे." तू म्हणालीस, "असू दे मग."

मी कामात नव्हते. स्पीकर बिघडलाय, आणि रिसीव्हर आता त्यांच्या हातात राहत नाही. तू फोन ठेवेपर्यंत मी तो त्यांच्या कानाशी धरून वाकून उभी होते. तुझा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता.

मधे एकदा आवाज गेला, "हॅलो, हॅलो" असं तू दोनदा म्हणालीस. लाइन ठीक होती. मी हात बदलत होते.

नीला